क्रीडा पंचांसाठी व्यावसायिक संपर्क आणि कारकिर्दीतील प्रगती

घटकाची उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील :

• पंचाची निवड, श्रेणी आणि नेमणूक कशी होते.
• व्यावसायिक संपर्क आणि वशिला यांतील फरक.
• पदवीच्या वर्षांत संपर्क कसे जोडावेत आणि कसे टिकवावेत.
• निःपक्षपातीपणाला धक्का न लावता संपर्क ठेवण्याच्या मर्यादा.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या मैदानावर आंतरवर्गीय सामना चालू आहे असे समजा. खेळायला तीस जण हजर असतात. शिट्टी हातात घ्यायला मात्र कोणी पुढे येत नाही. शेवटी क्रीडा संचालक एखाद्याला बळेच उभे करतात. तो नियम अर्धवट आठवून निर्णय देतो, दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो आणि पुन्हा कधी या वाटेला जायचे नाही असे ठरवतो.

पण काही जण दुसऱ्या दिवशीही येतात. त्यांना या कामाची गोडी लागते. हा घटक त्यांच्यासाठी आहे. खेळाडू म्हणून पुढे जाण्याचा रस्ता बहुतेकांचा विशीतच बंद होतो. पंच, सामनाधिकारी, गुणलेखक, वेळाधिकारी किंवा तांत्रिक अधिकारी म्हणून खेळात राहण्याचा रस्ता तेव्हा नुकता सुरू होत असतो. तो कुठून सुरू होतो हे मात्र पुष्कळांना कोणी सांगितलेलेच नसते.

क्रीडा अभ्यासक्रमात नियम शिकवले जातात. पुढची नेमणूक कोण देते, परीक्षा केव्हा असते, कोणाला विचारायचे, हे पुस्तकात नसते. ही माहिती माणसांकडे असते. म्हणून पंचाच्या कारकिर्दीत नियमांच्या ज्ञानाइतकेच माणसांशी असलेले संबंधही महत्त्वाचे ठरतात.

२. माहिती कोठून मिळते? तीन उदाहरणे

पहिले उदाहरण इंदूरचे नितीन मेनन यांचे. २०२० मध्ये आयसीसीच्या एलिट पंच मंडळात त्यांची निवड झाली. श्रीनिवास वेंकटराघवन आणि सुंदरम रवी यांच्यानंतर तेथे पोहोचलेले ते तिसरे भारतीय. त्यांचे वडील नरेंद्र मेनन हेही आंतरराष्ट्रीय पंच होते. २००६ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने बऱ्याच वर्षांनी पंचांची परीक्षा घेतली, तेव्हा ती देऊन बघ, असे वडिलांनीच सुचवले, हे नितीन यांनी मुलाखतीत सांगितले आहे. परीक्षा त्यांनी स्वतःच्या अभ्यासावर उत्तीर्ण केली. पण परीक्षेचे महत्त्व वेळेवर सांगणारे माणूस घरातच होते.

दुसरे उदाहरण मुंबईच्या वृंदा राठी यांचे. त्या मुंबई विद्यापीठाकडून क्रिकेट खेळल्या आणि पुढे गुणलेखक झाल्या. २०१३ मध्ये भारतात झालेल्या महिला विश्वचषकात गुणलेखन करताना न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांची भेट झाली आणि स्त्री या कामात किती पुढे जाऊ शकते हे त्यांना प्रत्यक्ष दिसले. येथे ओळख घडली ती कामाच्या जागी, गुणलेखकाच्या टेबलाजवळ.

तिसरे उदाहरण तमिळनाडूच्या एन. जननी यांचे. त्या सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करत होत्या. स्त्रियांना पंचाच्या परीक्षेला बसता येईल का, अशी विचारणा त्यांनी राज्य संघटनेकडे एकदा नव्हे, अनेकदा केली. काही वर्षांनी नियम बदलला आणि त्यांना संधी मिळाली. पुढे २०१८ मध्ये मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली.

जानेवारी २०२३ मध्ये वृंदा राठी, एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन या तिघी रणजी करंडक सामन्यांत मैदानावर पंच म्हणून उभ्या राहिल्या. पुरुषांच्या या स्पर्धेत स्त्री पंच असण्याची ती पहिलीच वेळ होती.

तीन उदाहरणांतून तीन वाटा दिसतात : घरातून मिळालेली माहिती, कामाच्या जागी झालेली भेट आणि पुन्हा पुन्हा विचारण्याची चिकाटी. पहिली वाट आपल्या हातात नसते. बाकीच्या दोन असतात. ज्याच्या घरात पंच नाही, त्याला जाणीवपूर्वक जोडलेले संपर्कच ती उणीव भरून देतात.

३. पंचाची शिडी : खेळागणिक वेगळी रचना

संपर्क कोणाशी ठेवायचा हे कळण्यासाठी आधी आपल्या खेळातील शिडी माहीत हवी.

३.१ क्रिकेट : साधारण क्रम असा असतो. जिल्हा किंवा राज्य संघटनेची परीक्षा, स्थानिक लीग सामने, राज्य संघटनेकडून शिफारस, भारतीय मंडळाची परीक्षा, देशांतर्गत सामने आणि त्यापुढे आंतरराष्ट्रीय मंडळ. मंडळाच्या पंचांना श्रेणी असतात आणि त्यानुसार सामने मिळतात. परीक्षा सोपी नसते. २०२२ मध्ये अहमदाबादला झालेल्या मंडळाच्या परीक्षेबद्दल आलेल्या बातम्यांनुसार १४० उमेदवारांपैकी फक्त ३ उत्तीर्ण झाले. एकूण २०० गुणांत लेखी १००, तोंडी ३५, चित्रफितीवरील प्रश्न ३५ आणि शारीरिक क्षमता ३० अशी विभागणी होती, आणि उत्तीर्ण होण्यासाठी ९० गुण हवे होते. ही आकडेवारी लक्षात ठेवा. कितीही ओळखी असल्या तरी हा उंबरठा स्वतःच ओलांडावा लागतो.

३.२ फुटबॉल : जिल्हा आणि राज्य संघटनेच्या परीक्षा, नंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या श्रेणी आणि शेवटी फिफाची यादी. फिफाच्या यादीसाठी नावे राष्ट्रीय महासंघ सुचवतो आणि ती यादी एका वर्षापुरती असते. म्हणजे वर पोहोचल्यावरही दरवर्षी आपली पात्रता टिकवावी लागते. तमिळनाडूचे कोमलेश्वरन शंकर यांनी २००२ च्या विश्वचषकात साहाय्यक पंच म्हणून काम केले. गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये जॉर्डन येथे १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात साहाय्यक पंचाची जबाबदारी सांभाळली. दोघेही मुख्य पंच नव्हते. रेषेवरचे काम ही स्वतंत्र आणि सन्मानाची कारकीर्द आहे, हे यावरून समजून घ्या.

३.३ बुद्धिबळ : येथील शिडी सर्वांत स्पष्ट लिहिलेली आहे. फिडे आर्बिटर आणि त्यावर इंटरनॅशनल आर्बिटर असे किताब आहेत. फिडे आर्बिटर होण्यासाठी फिडेचे चर्चासत्र पूर्ण करून त्याच्या परीक्षेत किमान ८० टक्के गुण मिळवावे लागतात आणि मानांकन स्पर्धांत काम करून नॉर्म जमवावे लागतात. नॉर्मच्या कागदावर स्पर्धेच्या मुख्य पंचाची सही लागते. ही सही देणारा माणूस तुमचे काम दिवसभर पाहत असतो : घड्याळे वेळेवर लावली का, निकालपत्रे नीट गोळा केली का, वाद झाल्यावर आवाज चढवला का. संपर्क आणि गुणवत्ता एकाच कागदावर कशा भेटतात याचे हे उत्तम उदाहरण आहे.

३.४ कबड्डी व खो-खो : कबड्डीच्या एका सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक लागतात. नवोदिताला सुरुवात बहुधा गुणलेखनापासून करता येते. तेथे बसून सरपंच कोणत्या क्षणी कोठे पाहतो हे शिकायला मिळते.

४. संपर्क म्हणजे काय आणि वशिला म्हणजे काय?

‘ओळखी असल्याशिवाय काही होत नाही’ हे वाक्य तुम्ही मैदानावर अनेकदा ऐकाल. त्यात थोडे तथ्य आहे आणि बराच गैरसमजही आहे.

नेमणूक करणाऱ्यासमोर शनिवारी सकाळी दहा सामने आणि वीस पंचांची गरज असते. तो कोणाला बोलावेल? ज्याचे काम त्याने पाहिले आहे, जो वेळेवर येतो, ज्याच्याबद्दल एखाद्या ज्येष्ठ पंचाने चांगले सांगितले आहे, त्यालाच. ज्याला तो ओळखतच नाही, तो कितीही हुशार असला तरी यादीत येत नाही. यात अन्याय दिसतो, पण बहुतेक वेळा हेतू वाईट नसतो. नेमणूक करणाऱ्याला सामना सुरळीत पार पडण्याची खात्री हवी असते.

आता फरक पाहू या.

• संपर्कात तुमचे काम आधी दिसते आणि शिफारस नंतर येते. वशिल्यात शिफारस आधी येते आणि काम दिसतच नाही.
• संपर्कातून माहिती, मार्गदर्शन आणि काम दाखवण्याची संधी मिळते. वशिल्यातून न कमावलेली जागा मिळते.
• संपर्क चारचौघांत सांगता येतो. वशिला लपवावा लागतो.

तिसरी कसोटी सर्वांत उपयोगी आहे. एखाद्या व्यक्तीशी झालेले बोलणे दोन्ही संघांच्या कर्णधारांसमोर जसेच्या तसे सांगता येईल का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर तो संपर्क योग्य आहे.

वशिल्याने मिळालेली जागा पंचासाठी विशेष धोक्याची असते. कार्यालयात कच्चा माणूस वर्षानुवर्षे झाकला जातो. मैदानावर तो पहिल्या कठीण निर्णयातच उघडा पडतो, आणि त्याची किंमत एखाद्या खेळाडूला मोजावी लागते.

५. संपर्काची पाच वर्तुळे

१) सहपंच : तुमच्याबरोबर उभा राहणारा पंच हा पहिला आणि सर्वांत जवळचा संपर्क. परीक्षेची तारीख, नव्या नियमाचे स्पष्टीकरण, ऐनवेळी रिकामी झालेली जागा, ही माहिती प्रथम त्याच्याकडूनच कळते.

२) ज्येष्ठ पंच : मार्गदर्शक म्हणून एक तरी ज्येष्ठ व्यक्ती असावी. ती नामवंतच असायला हवी असे नाही. तुमचा सामना पाहायला जिला वेळ आहे आणि चूक सांगायला जी कचरत नाही, अशी व्यक्ती अधिक उपयोगी.

३) नेमणूक करणारे : जिल्हा संघटनेचे सचिव, पंच मंडळाचे प्रमुख, विद्यापीठाचे क्रीडा संचालक. यांच्याशी संबंध मोजका, नेमका आणि वेळ पाळणारा असावा.

४) आयोजक, गुणलेखक आणि मैदान कर्मचारी : नवोदित पंच यांच्याकडे दुर्लक्ष करतात. पण सामना संपल्यावर ‘ते पंच कसे होते?’ हा प्रश्न त्यांनाच विचारला जातो. खेळपट्टी सांभाळणाऱ्या मामांना नमस्कार करणारा पंच लोकांच्या लक्षात राहतो.

५) दुसऱ्या राज्यातील आणि दुसऱ्या खेळांतील पंच : अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि २०२० मध्ये भुवनेश्वरहून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा येथे देशभरचे अधिकारी एकत्र येतात. स्वयंसेवक म्हणून गेलात तरी ही मंडळी भेटतात. खेळाडूशी कसे बोलावे, दबाव कसा पेलावा, हे दुसऱ्या खेळातील पंचही शिकवू शकतो.

६. संपर्क कसा जोडावा?

६.१ आधी काम, मग ओळख : लहान सामने टाळू नका. शालेय सामना, पावसाळी लीग, गावच्या जत्रेतील कबड्डी, काहीही चालेल. मुंबईत पावसाळ्यात चिखलात खेळली जाणारी कांगा लीग १९४८ पासून चालू आहे. ओल्या खेळपट्टीवर चेंडू अचानक वर उठतो किंवा खाली राहतो, तेव्हा पायचीतचा निर्णय देणे किती अवघड असते हे तेथे कळते. अशा ठिकाणी ज्येष्ठ मंडळी तुम्हाला पाहत असतात.

६.२ नेमका प्रश्न विचारा : ‘सर, मला पुढे जायचे आहे, काहीतरी सांगा’ या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसते. पुढील संवाद पाहा. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना संपला आहे.

“सर, दोन मिनिटं आहेत का? दुसऱ्या सत्रात ती पेनल्टी दिली, तेव्हा मी कुठे उभा असायला हवं होतं?”

“निर्णय बरोबर होता तुझा. पण तू चेंडूच्या मागे धावत होतास. डावीकडून आला असतास तर दोघांच्या पायांमधली जागा दिसली असती. आज नशिबाने बरोबर आलं.”

“पुढच्या रविवारी माझा सामना आहे, सर. जमलं तर पंधरा मिनिटं बघाल का?”

“बघतो की. पण आल्यावर पहिला प्रश्न विचारणार, डावीकडून आलास का म्हणून.”

येथे विद्यार्थ्याने नेमणूक मागितलेली नाही. त्याने सरांना आपले काम पाहायला बोलावले आहे. पुढच्या रविवारी तो खरोखर डावीकडून आला, तर सर त्याचे नाव विसरणार नाहीत.

६.३ पहिला संदेश कसा लिहावा? संघटनेच्या सचिवांना पाठवायचा संदेश थोडक्यात असावा. नमुना :

“माननीय महोदय, सादर नमस्कार. मी बी.एस्सी. द्वितीय वर्षाचा विद्यार्थी असून दोन वर्षे महाविद्यालयाच्या हॉलीबॉल सामन्यांत गुणलेखक म्हणून काम करीत आहे. आपल्या संघटनेची पंच परीक्षा केव्हा असते आणि त्यासाठी पात्रता काय, हे कृपया कळवावे. परीक्षेपूर्वी गुणलेखक म्हणून मदतीची आवश्यकता असल्यास शनिवार व रविवारी मी उपलब्ध आहे. आपला विश्वासू.”

या संदेशात कोण, काय अनुभव, काय हवे आणि बदल्यात काय देता येईल, या चारही गोष्टी आल्या आहेत. उत्तर आले नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विचारा. एन. जननी यांचे उदाहरण आठवा.

६.४ नोंदवही ठेवा : प्रत्येक सामन्याची तारीख, स्पर्धा, सहपंच, एक अवघड निर्णय आणि त्यावर मिळालेला अभिप्राय लिहा. वर्षअखेरीस ही वही तुमचा खरा परिचय बनते. अर्ज भरताना ‘भरपूर अनुभव आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘या हंगामात ३४ सामने’ असे लिहिता येते.

६.५ नातेसंबंध टिकवा : काम असेल तेव्हाच फोन करणारा माणूस लवकर ओळखू येतो. मिळालेल्या सल्ल्याचा उपयोग झाला की कळवा. तुमच्याहून नवीन मुलाला आपली वही दाखवा. आज तुमच्याबरोबर गुणलेखन करणारी मुलगी दहा वर्षांनी पंच मंडळावर असू शकते.

७. मर्यादा : पंचाची ओळख कोठे थांबावी?

इतर व्यवसायांत अधिक ओळखी म्हणजे अधिक फायदा. पंचाच्या बाबतीत काही ओळखी कारकीर्द संपवू शकतात.

२०१२ मध्ये एका भारतीय दूरचित्रवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने केलेल्या चित्रीकरणात वार्ताहरांनी क्रीडा व्यवस्थापन कंपनीचे प्रतिनिधी असल्याचे भासवून काही पंचांशी संपर्क साधला होता. पुढे सामन्यांची कामे मिळवून देऊ, हे त्यातील आमिष होते. बांगलादेशातील एका आंतरराष्ट्रीय पंचावर त्या प्रकरणानंतर २०१३ मध्ये १० वर्षांची बंदी घालण्यात आली. त्या जाळ्यात पैशाइतकेच महत्त्व ‘तुमची कारकीर्द पुढे नेऊ’ या शब्दांना होते. पुढे जाण्याची घाई असलेल्या माणसाला नेमके हेच ऐकायचे असते.

म्हणून पुढील पथ्ये पहिल्या दिवसापासून पाळा :

• ज्या संघात नातेवाईक, जवळचा मित्र किंवा आपले स्वतःचे महाविद्यालय आहे, त्याचा सामना मिळाल्यास नेमणूक करणाऱ्याला आधीच सांगा. नकार दिल्याने संधी जाते असे वाटते. प्रत्यक्षात सांगणाऱ्यावरचा विश्वास वाढतो.
• संघ, प्रशिक्षक किंवा पालकांकडून भेटवस्तू, जेवण, प्रवासाची सोय घेऊ नका. सर्वांसाठी ठेवलेला चहा वेगळा आणि फक्त तुमच्यासाठी आलेले पाकीट वेगळे.
• आपल्या खेळावर पैज लावू नका आणि सामन्याची आतली माहिती कोणाला देऊ नका.
• समाजमाध्यमांवर संघांची बाजू घेऊ नका, सहपंचाच्या निर्णयावर टीका करू नका.
• कोणी गैर प्रस्ताव दिला तर नुसता नकार देऊन थांबू नका, तो त्वरित वरिष्ठांना कळवा. क्रिकेटसारख्या खेळांच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांत प्रस्ताव न कळवणे हाही गुन्हा मानला जातो.

८. मानधन आणि वास्तव

२०२२ मधील वृत्तांनुसार क्रिकेटच्या प्रथम श्रेणी सामन्यांसाठी वरच्या दोन श्रेणींतील पंचांना दिवसाला ४०,००० रुपये आणि खालच्या श्रेणींतील पंचांना ३०,००० रुपये मिळत होते. हे आकडे आकर्षक आहेत, पण तेथपर्यंत पोहोचणारे थोडे असतात आणि क्रिकेट हा देशातील सर्वांत श्रीमंत खेळ आहे. स्थानिक सामन्यांत प्रवासखर्च वजा जाता हाती फारसे उरत नाही. बहुतेक पंच शिक्षक, बँक किंवा सरकारी कर्मचारी, व्यावसायिक म्हणून उदरनिर्वाह करून सुटीच्या दिवशी मैदानावर असतात.

म्हणून पदवी अर्धवट सोडून या क्षेत्रात उडी घेऊ नका. पदवी, एखादी स्थिर उपजीविका आणि त्याबरोबर पंचाचे काम, असा मार्ग सुरक्षित आहे. स्पर्धा संचालक, गुणलेखन सॉफ्टवेअर चालवणारे, सामना विश्लेषक, क्रीडा शिक्षक अशा जोडीच्या वाटाही याच संपर्कांतून उघडतात.

विद्यार्थिनींनी कपडे बदलण्याची जागा, निवास आणि परतीचा प्रवास यांबद्दल नेमणूक स्वीकारण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. हा प्रश्न संकोचाचा नाही, कामाच्या अटींचा आहे.

९. पहिल्या दोन वर्षांची आखणी

पहिले सहा महिने : एक खेळ निवडा, अद्ययावत नियमपुस्तिका मिळवा, आंतरवर्गीय सामन्यांत गुणलेखन करा, नोंदवही सुरू करा.

सहा ते बारा महिने : जिल्हा संघटनेशी पत्रव्यवहार करा, परीक्षेची तारीख व पात्रता लिहून घ्या, एक मार्गदर्शक शोधा.

दुसरे वर्ष : परीक्षा द्या. अनुत्तीर्ण झालात तर कोणत्या भागात गुण गेले ते विचारून पुन्हा बसा. विद्यापीठाच्या एखाद्या विभागीय स्पर्धेत स्वयंसेवक किंवा गुणलेखक म्हणून जा. हंगाम संपल्यावर मार्गदर्शकासोबत नोंदवही वाचा.

१०. सारांश

पंचाची प्रगती तीन गोष्टींवर उभी असते : नियमांचे ज्ञान, मैदानावर दिसलेले काम आणि ते काम पाहणारी माणसे. पहिल्या दोन गोष्टी नसतील तर तिसरी वशिला ठरते. तिसरी नसेल तर पहिल्या दोन कोणाला कळत नाहीत. संपर्क वाढवताना निःपक्षपातीपणा गमावला, तर तिन्ही गोष्टी व्यर्थ जातात, कारण पंचाजवळ देण्यासारखी मुख्य वस्तू म्हणजे दोन्ही संघांचा विश्वास. पुढच्या आंतरवर्गीय सामन्याला शिट्टी कोण घेणार असे क्रीडा संचालकांनी विचारले, तर हात वर करा.

स्वाध्याय

१. संपर्क आणि वशिला यांतील फरक स्वतःच्या खेळातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. तुमच्या खेळातील पंचाची शिडी जिल्हा पातळीपासून आंतरराष्ट्रीय पातळीपर्यंत आकृतीत दाखवा. प्रत्येक पायरीवर नेमणूक कोण करते ते लिहा.
३. तुमच्या मावसभावाच्या संघाचा अंतिम सामना तुम्हाला मिळाला आहे आणि दुसरा पंच उपलब्ध नाही. तुम्ही काय कराल? दोन्ही बाजूंनी विचार करून उत्तर द्या.
४. जिल्हा संघटनेच्या सचिवांना पंच परीक्षेची माहिती विचारणारे पत्र लिहा आणि ते प्रत्यक्ष पाठवा.